जमीन उघडी टाकू नका

मे १९३४ मध्ये अमेरिकेच्या मधल्या मैदानांवर वारा सुटला आणि दोन दिवसांत अंदाजे ३५ कोटी टन माती घेऊन पूर्वेकडे निघाला. शिकागो शहरावर माणशी पावणेदोन किलोच्या आसपास धूळ पडली. न्यूयॉर्कला भर दिवसा अंधारून आलं. अटलांटिक महासागरात, किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरवर असलेल्या जहाजांवरही तीच माती साचली. ती कुठल्या वाळवंटातली वाळू नव्हती. काही वर्षांपूर्वी जिच्यात गहू पिकला होता, ती शेताच्या वरच्या थरातली कसदार माती होती.

कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास, कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या राज्यांच्या सीमा जिथे जवळ येतात, त्या भागात हे संकट सर्वांत तीव्र होतं. त्याची झळ सुमारे १० कोटी एकर जमिनीला लागली. या इतिहासाला आता नव्वद वर्षं उलटून गेली आहेत. तरी तो आपल्याकडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या प्रत्येक गावात वाचला जावा, असं मला मनापासून वाटतं. कारण त्या माणसांनी जे केलं, त्यातलं बरंचसं आपणही आज करत आहोत, आणि अजून हात आवरता येईल अशी वेळ आपल्यापाशी आहे.

त्या मैदानांवर पाऊस मुळातच कमी, वर्षाला जेमतेम ४००-५०० मिलिमीटर. म्हणजे आपल्या माण-खटावसारखाच. तिथे झाडं फार नव्हती. होतं ते बुटकं, चिवट गवत. हजारो वर्षं त्यावर बायसनचे कळप चरले, दुष्काळ आले नि गेले, वणवे लागले. गवत वरून वाळलं तरी मुळं जिवंत राहिली आणि मुळांनी माती धरून ठेवली. तिथले मूळ रहिवासी कोमांची, कायोवा, शायान यांनी ती जमीन कधी नांगराखाली आणली नव्हती. त्यांना तिथून हुसकावलं गेलं, बायसन मारून संपवले गेले आणि मग सरकारने जमीन वाटायला काढली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबाला १६० एकर मिळायचे. कोरड्या मुलखात तेवढ्यावर भागत नाही म्हणून १९०९ मध्ये ते ३२० केले गेले. जमीन आपल्या नावावर करून घ्यायची तर ती कसून दाखवावी लागे. जमीन विकणाऱ्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी तर नांगराच्या मागोमाग पाऊस येतो, अशीही समजूत पसरवली होती.

त्याच काळात हार्डी वेब्स्टर कॅम्पबेल नावाच्या गृहस्थाने कोरडवाहू शेतीचा एक मंत्र लोकांना दिला: वरची माती सतत कुळवून भुगा करून ठेवा, म्हणजे खालची ओल उडून जाणार नाही. हे तत्त्व आपल्याला अनोळखी नाही. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे आपल्या शेतकऱ्याला पाठ आहे, आणि काळ्या रानात उभ्या पिकात भेगा बुजवायला कोळपणीसारखा उपाय नाही. पण पीक निघाल्यावर, डोक्यावर ऊन आणि अंगावर वारा असताना, हलक्या रानात सगळी जमीन भुगा करून ठेवणं ही वेगळी गोष्ट आहे. त्या मैदानांवर हा फरक कुणी केला नाही.

मग पहिलं महायुद्ध आलं. रशियाचा गहू काळ्या समुद्रात अडकला, भाव चढले आणि अमेरिकी सरकारने गव्हाला हमीभाव दिला. ज्यांनी आयुष्यात शेती केली नव्हती असे शहरातले लोकही गाडीने यायचे, भाड्याच्या जमिनीत गहू पेरून परत जायचे, कापणीला पुन्हा उगवायचे. बैल-घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर आला, तव्यांचा नांगर आला. तव्यांचा हा नांगर झपाट्याने काम उरकायचा, पण ढेकूळ ठेवायचा नाही. मातीचं पीठ करायचा. केवळ १९२५ ते १९३० या काळात दक्षिणेकडच्या मैदानांत ५० लाख एकरांहून जास्त नवं गवताळ रान मोडलं गेलं. १९३१ मध्ये भरघोस गहू आला आणि भाव कोसळले. भाव पडल्यावर शेतकऱ्याने काय करावं? कर्जाचा हप्ता तर चुकत नाही. त्याने आणखी जमीन मोडली. त्या शेतकऱ्यांना मी मूर्ख किंवा हावरट म्हणणार नाही. भाव पडला की क्षेत्र वाढवणं हे कर्जात अडकलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला सुचतं, आपल्याकडेही सुचतं.

आणि पाऊस थांबला. दुष्काळ तिथे नवा नव्हता, १८९० च्या दशकातही पडला होता. या खेपेला फरक एवढाच होता की, माती धरून ठेवणारं गवत गेलेलं होतं आणि पेरलेला गहू उगवलाच नव्हता. १९३२ मध्ये धुळीची १४ मोठी वादळं नोंदली गेली, १९३३ मध्ये ३८. बायका रात्री खिडक्यांवर ओल्या चादरी बांधायच्या, सकाळी त्या चिखलाने जड झालेल्या असायच्या. ताटं पालथी मांडावी लागायची. हवेत इतकी वीज साठायची की, कुंपणाच्या तारांवर ठिणग्या उडत आणि मोटारींना मागे साखळी लोंबकळत सोडावी लागे. गुरांच्या पोटात माती जाऊन ती मेली. चारा संपल्यावर काटेरी तण कापून, मीठ लावून जनावरांना घातलं गेलं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं छातीत धूळ भरून दगावली. डॉक्टरांनी त्या आजाराला ‘धुळीचा न्यूमोनिया’ असंच नाव दिलं. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी तर शेकडो मीटर उंचीची काळी भिंत मैदानावरून चालत आली आणि भर दुपारी स्वतःचा हात दिसेना. तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. १९४० पर्यंत या मैदानी राज्यांमधून सुमारे २५ लाख माणसं घरदार सोडून गेली.

माती उडते कशी, हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण उपायही त्यातच आहेत. अगदी बारीक धूळ जमिनीला चिकटून असते, वारा तिला सहजासहजी उचलू शकत नाही. तो उचलतो ते बारीक वाळूच्या आकाराचे कण. हे कण फूट-दोन फूट उडी मारतात, तिरके खाली येतात आणि आपटतात. त्या माऱ्याने ढेकूळ फुटतं, वरची पापडी तुटते आणि आतली बारीक धूळ मोकळी होते. तीच मग आकाशात चढते आणि शेकडो कोस जाते. एका कणाने दहांना हलवायचं, दहांनी शंभरांना. म्हणून शेताच्या एका टोकाला सुरू झालेली ही उड्यांची माळ अडथळ्याविना लांबत गेली, तर दुसऱ्या टोकाला तिचं वादळ झालेलं असतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की माती वाहून नेण्याची त्याची ताकद आठपटीच्या आसपास वाढते. आणि जी धूळ सर्वांत लांब जाते, तिच्यातच सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं जास्त असतात. मागे उरते ती भरड वाळू. जमीन तेवढीच दिसते, सातबाराही तोच असतो, पण पीक येत नाही.

वाऱ्याला अडवायला फार मोठं काही लागत नाही. जमिनीवर उभी धसकटं असली, ढेकळं असली, मधे मधे गवताचे पट्टे किंवा झाडांची रांग असली, तर वारा जमिनीच्या अंगाशी येतानाच मंदावतो. झाडांची रांग तिच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंतचं रान वाऱ्यापासून राखते. जमिनीचा एक तृतीयांश भाग जरी काडीकचऱ्याने झाकलेला राहिला तरी धूप कितीतरी कमी होते.

हे तिथल्या सरकारच्या गळी उतरवलं ह्यू हॅमंड बेनेट या मृदाशास्त्रज्ञाने. मातीची धूप हे राष्ट्रीय संकट आहे, असं तो १९२८ पासून लिहून सांगत होता, कुणी फारसं ऐकत नव्हतं. एप्रिल १९३५ मध्ये संसदेच्या समितीपुढे बोलताना, पश्चिमेकडून धुळीचं वादळ राजधानीकडे येत आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याने आपलं बोलणं लांबवलं आणि खिडकीबाहेरचं आकाश काळवंडल्यावर समितीला बाहेर पाहायला सांगितलं, ही हकीकत प्रसिद्ध आहे. २७ एप्रिल १९३५ ला मृदसंधारणाचा कायदा झाला. समपातळीत नांगरणी, पट्टापेर, धसकटं राखणं, उताराला आडव्या ताली, अशी कामं करणाऱ्या शेतकऱ्याला पैसे दिले गेले. उत्तर डकोटापासून टेक्सासपर्यंत १९४२ सालापर्यंत सुमारे २२ कोटी झाडांचे वारारोधक पट्टे लावले गेले. अगदीच वाया गेलेल्या जमिनी सरकारने विकत घेऊन पुन्हा गवताखाली आणल्या. त्यातल्या काही आज राष्ट्रीय गवताळ प्रदेश म्हणून राखलेल्या आहेत.

यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे. एका शेतकऱ्याने कितीही काळजी घेतली तरी वाऱ्याकडच्या बाजूला शेजाऱ्याचं रान उघडं पडलेलं असेल, तर त्याची माती येऊन याचं पीक गाडते. विशेषतः जे शहरी मालक भाव पडल्यावर जमीन तशीच टाकून निघून गेले, त्यांच्या रानांनी आजूबाजूच्या चांगल्या शेतांचा घात केला. म्हणून १९३७ पासून मृदसंधारण जिल्हे उभे राहिले. जमीनधारकांनीच मतदान करून ते स्थापन करायचे, त्यांनीच आपले पंच निवडायचे आणि सगळ्या शिवाराचा मिळून आराखडा करायचा. १९३८ पर्यंत उडणाऱ्या मातीचं प्रमाण सुमारे ६५ टक्क्यांनी घटलं, असं तेव्हा नोंदलं गेलं. पाऊस मात्र परतला तो १९३९ च्या अखेरीस. म्हणजे दुष्काळ चालू असतानाच धूळ खाली बसू लागली होती. पाऊस आपल्या हातात नाही म्हणून सगळंच नशिबावर टाकणाऱ्या प्रत्येकाला माझं हे एकच उत्तर आहे.

धडा एकाने घेतला म्हणून तो जगाने घेतला असं होत नाही. १९५४ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्या आदेशावरून कझाकस्तान आणि सायबेरियाचा कोरा गवताळ प्रदेश मोडायला सुरुवात झाली. काही वर्षांत सुमारे ४ कोटी हेक्टर नांगराखाली आले आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेही धुळीची वादळं उठली. अखेर शोर्तांदी इथल्या संशोधन केंद्रातल्या अलेक्सांदर बारायेव्ह यांचा, जमीन पालथी न घालता धसकटं उभी ठेवून पेरण्याचा आग्रह मान्य करावा लागला. आणि खुद्द अमेरिकेत, १ मे २०२३ रोजी इलिनॉय राज्यात ताज्या नांगरलेल्या शेतांवरून उठलेल्या धुळीने महामार्गावर सत्तरहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, माणसं मेली. तिथे तर दुष्काळी मैदानंही नाहीत, उत्तम पावसाचा सुपीक मुलूख आहे.

आता आपल्याबद्दल. खोटी भीती घालण्यात अर्थ नाही. महाराष्ट्रात माती पळवणारं मुख्य कारण वारा नाही, पाणी आहे. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती भरपूर, ती वाऱ्याला सहजी वश होत नाही. वाऱ्याची धूप देशात सर्वांत जास्त आहे ती राजस्थानच्या थरच्या भागात. २३ जानेवारी २०२२ ला मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांवर जी पांढरट पूड बसली ती वायव्येकडून, पाकिस्तानच्या बाजूने वाऱ्यावर आली होती. पण देशाचं चित्र पाहा: इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार भारताच्या भूभागापैकी सुमारे ३० टक्के, म्हणजे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमिनीची अवनती झालेली आहे. महाराष्ट्राचा त्यात मोठा वाटा आहे. उघड्या जमिनीवरून वळीव माती वाहून नेतो, एप्रिल-मेमध्ये वावटळ नेते, आणि पर्जन्यछायेत पावसाआधीचा जून-जुलैचा कोरडा, भणाणणारा पश्चिम वाराही नेतो. त्या वाऱ्याचा जोर केवढा असतो, हे साताऱ्याच्या पठारांवरच्या आणि धुळ्याच्या माळावरच्या पवनचक्क्याच सांगतील. पाणी असो की वारा, दोघांनाही वाट मिळते ती जमीन उघडी असल्यामुळेच.

आपल्याला हे माहीत नव्हतं असंही नाही. १९३३ मध्ये, म्हणजे अमेरिकेत वादळं उठत होती त्याच सुमारास, सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेर आणि कोळपण्या यांवर आधारलेली पद्धत तिथेच बसवली. १९४२ मध्ये मुंबई प्रांताने जमीन सुधारणेचा कायदा केला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो हातांनी बांध घातले, नालाबंडिंग केलं. आपल्या आज्या आणि आया तेव्हा डोक्यावर पाट्या वाहत होत्या. त्यांनी घातलेले बांध आता कुठे आहेत, हे जरा आपापल्या शिवारात फिरून पाहा.

दरवर्षी नांगराची एक तास पलीकडे सरकवत आपण बांध कोरून खाल्ले. त्यावरच्या बाभळी, बोरी, कडुनिंब सावलीत पीक येत नाही म्हणून तोडले, काहींच्या बुडाला पाचोळा पेटवून ते मारले. पूर्वी उन्हाळी नांगरटीनंतर रान ढेकळांचं असायचं. उन्हं खायची ती ढेकळं आणि वाऱ्याला अडवायचीही तीच. आता भाड्याचा रोटाव्हेटर तासाभरात रानाचं पीठ करून जातो, तेही पेरणीच्या दोन-दोन महिने आधी. ज्वारी बुडासकट उपटली जाते. पऱ्हाटी आणि उसाचं पाचट पेटवलं जातं. गुरं कमी झाली म्हणून शेणखत कमी झालं, आणि पूर्वी रानात मेंढरं बसवायला धनगरांना आवतण असायचं तेही आटत चाललं आहे. शेणखत नाही म्हणजे मातीच्या कणांना बांधून ठेवणारा डिंकच नाही.

आणि माळरानं. सरकारी कागदात ती ‘पडीक’ या सदरात बसतात, म्हणून ती कुणालाही मोडायला मोकळी वाटतात. आपल्या पठारावर कुसळी, पवन्या, मारवेल या गवतांनी मुरमावरची वीतभर माती शतकानुशतकं धरून ठेवली आहे. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य करावं लागलं, तेव्हाच ही गवतं किती आक्रसली आहेत हे कळायला हवं होतं. माळ मोडून त्यात पहिली दोन वर्षं थोडंफार पिकतं. नंतर मुरूम वर येतो, आणि मग तिथे गवतही धड येत नाही. एक इंच माती तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे लक्षात ठेवून जेसीबीला बोलवा.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. शेतकरी बांधवांनो, ज्वारी उपटू नका, वीतभर उंच कापा. कडबा जनावरांना हवाच, तो पूर्ण न्या, पण बुडखे रानात राहू द्या. मजूर मिळत नाहीत, कापायला वेळ लागतो, हे खरं आहे. निदान वाऱ्याकडच्या बाजूचे काही पट्टे तरी असे राखा. पाचट आणि पऱ्हाटी पेटवू नका, कुट्टी करून सरीत अंथरा. रोटाव्हेटर घालायचाच असेल तर पेरणीच्या तोंडावर घाला, मार्चमध्ये नाही. हलकं, मुरमाड रान वर्षभर नांगरू नका, त्यात स्टायलो, मद्रास अंजन यांसारखी चारापिकं लावा. गुरांना चारा मिळेल आणि मातीला पांघरूण. कोरलेला बांध पुन्हा घाला आणि दोघा शेजाऱ्यांनी मिळून त्यावर झाडं लावा, म्हणजे सावलीचा तोटा दोघांत वाटला जाईल.

हे एकट्या-दुकट्याने होणारं नाही, हे नव्वद वर्षांपूर्वीच सिद्ध झालं आहे. आणि गाव एकत्र येऊन निर्बंध पाळू शकतं, हे हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीने चराईबंदी-कुऱ्हाडबंदी पाळून दाखवलं आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत ज्या गावांनी उन्हातान्हात समतल चर खोदले, त्यांना तर एकत्र यायला शिकवण्याची गरजच नाही. पाण्यासाठी जी एकी दाखवली ती आता मातीसाठी दाखवायची आहे. शहरात नोकरी करणाऱ्या आणि गावी जमीन असलेल्या मंडळींनाही सांगणं आहे: जमीन वाट्याने किंवा खंडाने देताना धसकटं राखण्याची, काही न पेटवण्याची अट घाला, आणि ती पाळणाऱ्याला खंडात सूट द्या. तुमचं रान उघडं पडलं तर त्याची माती शेजाऱ्याच्या पिकावर जाते.

सरकारकडे मागणी एवढीच की, माळरानं ‘पडीक’ म्हणून दाखवणं बंद करा, आणि जमीन झाकून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला एकरी रोख मोबदला द्या. ठिबकला अनुदान मिळतं, अवजाराला मिळतं. मातीवर काडी राखणाऱ्यालाही ते मिळायला हवं. १९३० च्या दशकातल्या मंदीने पिचलेल्या अमेरिकेला हे परवडलं होतं.

१ मेला ग्रामसभा असते. तेव्हा रब्बी निघालेली असते, रानं मोकळी असतात आणि पेटवापेटवी जोरात असते. या १ मेच्या ग्रामसभेत तीन ठराव लेखी मांडा: शिवारात काहीही पेटवायचं नाही, गायरान आणि माळ नांगराखाली घालायचा नाही, आणि गावाच्या पश्चिमेकडच्या बांधांवर पहिल्या पावसात झाडांची सलग रांग लावायची. ठराव एकमताने होईलच असं नाही. विरोध झाला तर ज्यांना पटलं त्या चार-पाच घरांनी आपली लगतची रानं निवडून तिथूनच सुरुवात करा. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत नावं आत्ताच द्या, जूनमध्ये ती शिल्लक राहत नाहीत.